भोंगाआत्याने गाळलेलं वाक्य

आमच्या बसस्थानकावर आता यंत्र बोलतं. कुठल्याशा स्टुडिओत बसून कोणा गोड आवाजाच्या बाईने सगळं एकदाच बोलून ठेवलंय आणि तेच दिवसभर वाजत असतं. तिला सर्दी होत नाही, तिचा घसा बसत नाही आणि ती एकही शब्द गाळत नाही. ‘आपली सुरक्षा आपल्या हाती’ हे वाक्य तर ती इतक्या कौतुकाने म्हणते, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्याला बक्षीसच लागलंय. मी स्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते. ते वाक्य कानावर पडलं की दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मालक म्हणतात, एवढं मनावर घेऊ नकोस, यंत्र आहे ते. यंत्रावर माझा राग नाहीच. यंत्राच्या आधी त्या खिडकीत माझी आत्या बसायची, आणि तिला तिथून का उठवलं हे मला माहीत आहे.

सगळं स्थानक तिला भोंगाआत्या म्हणायचं. नाव माझ्या बाबांनी पाडलेलं. ती त्यांची थोरली बहीण. लहानपणी तिने दारात उभं राहून हाक मारली की गल्लीच्या पार टोकाला खेळणारे बाबा निमूट घरी यायचे, आणि शेजारपाजारची दोनचार पोरंही घाबरून आपापल्या घरी पळायची. ताईने बोलावलं की हातातलं टाकून जायचं, हे बाबांच्या अंगातच भिनलं होतं. पुढे तिला स्थानकावर घोषणा करायची नोकरी लागली आणि बाबा तिथेच हमाल झाले. बाबा अंगाने काडी, म्हणून त्यांना सगळे पैलवान म्हणत. भोंगा आणि पैलवान, अशी ती जोडी.

तिची चौकशीची खोली एक माणूस आणि एक पंखा मावेल एवढीच होती. समोर काच, काचेला बोलण्यापुरतं गोल भोक, टेबलावर माइक आणि माइकला लाल बटण. माइकवर ती स्वतःचा धुतलेला रुमाल गुंडाळायची आणि गालात लवंग ठेवायची. गाड्यांच्या वेळा कोणीही सांगेल, पण तिची खरी करामत हरवलेल्यांच्या बाबतीत. ‘लक्ष द्या, लक्ष द्या. एक लहान मुलगा चौकशी खिडकीपाशी बसला आहे. एकाच पायात बूट आहे. नाव विचारलं तर वाघ सांगतो. वाघाच्या आईने जिथे असेल तिथून यावं, बिस्किटं संपत आली आहेत.’ किंवा, ‘करड्या कोटातले गृहस्थ, तुमच्या पत्नी इथे उभ्या आहेत. जिथे असाल तिथून या. राग थोडा उतरला आहे.’ फलाटावरची माणसं हसायची आणि करड्या कोटाचे गृहस्थ मान खाली घालून यायचे. तिने बोलावलेलं माणूस आलं नाही, असं फारसं झालं नाही.

लग्न तिने केलं नाही. स्थळं येत होती. एकाने विचारलं, ‘घरातही अशाच बोलणार का?’ ती म्हणाली, ‘तुम्ही घरात हरवणार असाल तर.’ तो विषय तिथेच संपला. ती आमच्याबरोबरच राहिली. दोन खोल्या, आई, बाबा, मी आणि आत्या. आई तिला वन्सं म्हणायची आणि दोघींचं गूळपीठ एवढं, की बाबांना घरात कोणी विचारत नसे. संध्याकाळी दोघी एका शेगडीपाशी बसून स्थानकावरच्या माणसांच्या नकला करायच्या. त्यातली सगळ्यात लाडकी नक्कल ‘बघू साहेबां’ची.

बघू साहेब म्हणजे स्थानकाचे प्रमुख. पंखा बंद आहे म्हणा, बघू. छत गळतंय म्हणा, बघू. आयुष्यभर ते नुसते बघत होते, तरी त्यांना काहीही दिसत नव्हतं.

आता चौकटीचं सांगते. मागे दुसऱ्या एका शहरात बाजारात स्फोट झाला, तेव्हा आमच्या स्थानकाच्या दारातही एक चौकट उभी केली. माणूस त्यातून गेला आणि त्याच्याजवळ धातूचं काही असलं की ती किंचाळायची. फीत कापली, भाषण झालं, फोटो निघाले. काही आठवडे ती किल्ल्यांनाही ओरडली, पट्ट्याच्या बकलालाही ओरडली, लोक वैतागले. मग एक दिवस गप्प झाली. उंदरांनी वायर खाल्ली असं कोणी म्हणालं. वायर बदलायची म्हणून तिचं टोक कापून नेलं, ते नेलंच. उरलेली वायर सुतळीने बांधून चौकटीच्या पायाला अडकवून ठेवली. दारातच सुरक्षा चौकी होती. तिथल्या जवानांना कधी कोणाच्या स्वागताला, कधी कोणाच्या सभेला, कधी कोणाच्या मुलाच्या लग्नाला बंदोबस्ताला नेत. चौकीतला फोन तेवढा जागेवर असायचा. आत्या बेवारस पिशवी दिसली की तिथे फोन लावायची आणि त्याची घंटा रस्ता ओलांडून आमच्या दुकानात ऐकू यायची. उचलायला कोणी नसायचं.

नियम सरळ होता. बेवारस वस्तू दिसली की चौकीला कळवायचं आणि चौकीने पुढचं बघायचं. चौकीच रिकामी असेल तर काय करायचं, हे नियमात नव्हतं. आत्याने बघू साहेबांना विचारलं, पुन्हा विचारलं. ‘बघू,’ ते म्हणाले. मग स्थानकाने आपली रीत पाडली. तिला सगळे ‘पिशवी बोलावणं’ म्हणत. आत्या आधी मालकाला हाक द्यायची. मालक नाही आला तर हमालाला. हमाल पिशवी उचलून खिडकीपाशी आणून ठेवायचा आणि तासाभरात कोणीतरी धापा टाकत येऊन ती घेऊन जायचं. पिशवीत ओले टॉवेल निघायचे, शाळेची पुस्तकं निघायची, एकदा तर जिवंत कोंबडी निघाली. वर्षानुवर्षं असंच चाललं. बघू साहेबांना हे माहीत होतं. त्यांची स्वतःची छत्री याच रीतीने दोनदा परत मिळाली होती.

त्या दुपारी शेवटच्या फलाटाच्या खांबाला टेकून एक निळी पिशवी होती. आत्याने चौकीला फोन लावला. घंटा मी ऐकली. कोऱ्या कागदांचा गठ्ठा फोडत होते, आणि मनात म्हटलं, आज पुन्हा सगळे कुठेतरी सलाम ठोकायला गेले. मग तिचा आवाज आला, ‘लक्ष द्या, निळ्या पिशवीच्या मालकाने जिथे असेल तिथून यावं.’ मालक कसा येईल? तो पिशवी ठेवून केव्हाच निघून गेला होता. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. ‘पैलवान, जिथे असशील तिथून ये. शेवटच्या फलाटावरची पिशवी आण.’

बाबा चहा अर्धा टाकून उठले. ताईने बोलावलं होतं.

आत्याने काचेतून पाहिलं. त्यांनी नेहमीसारखा एक हात वर करून तिला दाखवला, मग वाकून दोन्ही हातांनी पिशवी उचलली. पुढचं मला लिहायचं नाही. नऊ माणसं गेली. त्यांत गाडीची वाट पाहणारी एक नर्स होती, एक कंडक्टर होता, नातवाला भेटायला निघालेले एक आजोबा होते. आणि माझे बाबा होते.

ज्यांनी ती पिशवी ठेवली त्यांच्याबद्दल लोक मला विचारतात. त्यांचं काही दुःख असेल, काही मागणं असेल, असंही कोणी समजुतीच्या सुरात सांगतं. असेल. माझ्या बापाने त्यांचं काय घोडं मारलं होतं? सकाळी कामाला गेलेल्या माणसाने संध्याकाळी जिवंत घरी यावं, याहून साधा हक्क जगात नाही, आणि तो त्यांनी खांबाला पिशवी टेकवून काढून घेतला. त्यांना माझ्याकडून क्षमा नाही, ना आज, ना कधी. दोघे पकडले गेले, खटला चालू आहे, चालू दे. पण खुन्याकडे मी कधी संरक्षण मागितलं नव्हतं. ते मागितलं होतं सरकारकडे. चौकट त्यांनी लावली होती, चौकी त्यांनी बांधली होती, आम्ही राखू असं त्यांनी भाषणात सांगितलं होतं. राखायचं सोडून त्यांचे जवान त्या दुपारी कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवात उभे होते, ह्या गोष्टीला मी काय नाव देऊ?

आणि नंतर बघा कशी जाग आली. शेवटच्या फलाटाच्या खांबापाशी चपला शिवणारे एक काका बसायचे. ते त्या वेळी चहाला गेले होते म्हणून वाचले, आणि वाचले म्हणून संशयित ठरले. आठवडाभर त्यांना आत ठेवलं आणि ते बाहेर आले तेव्हा त्यांना एक पाय धड टेकता येत नव्हता. पहारा द्यायला ज्यांच्याकडे एक माणूस नव्हता, त्यांच्याकडे एका म्हाताऱ्याला मारायला चार होते.

मग चौकशी झाली. कोणावर तरी खापर फोडायचंच होतं, आणि खिडकीत बसलेली बाई सगळ्यांना दिसत होती. घोषणा करणाऱ्या महिलेने नियम डावलून हमालाला पिशवी उचलायला सांगितलं, असं ठरलं. वाक्यात एक शब्द खोटा नव्हता, म्हणून तर ते एवढं नीच होतं. रिकाम्या चौकीबद्दल ‘मनुष्यबळाची तात्पुरती अडचण’ एवढंच म्हटलं. चौकटीचं नावही नाही. बघू साहेबांनी हात झटकले. पिशव्या हमालाकडून उचलल्या जातात हे आपल्याला कधी कळलंच नाही, असं त्यांनी सांगितलं. छत्रीचं काय, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

हा निकाल बातम्यांत लागला तेव्हा आई भांडी घासत होती. तिने हात पुसले आणि आत्याकडे वळून म्हणाली, ‘तुम्हीच बोलावलंत ना त्यांना?’

आत्या नाही कसं म्हणणार? आवाज तिचाच होता.

त्या दिवसापासून आई आत्याशी बोलेनाशी झाली. एकच घर, एकच शेगडी, आणि मधे मी. ‘तुझ्या आत्याला सांग, जेवायला वाढलंय.’ ‘तुझ्या आईला सांग, मला भूक नाही.’ दोघी हाताच्या अंतरावर बसलेल्या असायच्या. मला दोघींचा राग यायचा आणि मग कळायचं, की हा राग यांच्यावरचा नाही. सरकारने नुसता माझा बाप राखला नाही असं नाही, आपलं पाप त्याने आमच्या स्वयंपाकघरात आणून टाकलं आणि दोन बायकांना ते एकमेकींच्या अंगावर ढकलायला लावलं.

आत्याला काढलं मात्र नाही. यंत्र यायचं होतं आणि तोवर कोणीतरी बोलायला हवं होतं. काच नवी बसली, आणि वरून नवी घोषणा आली. दर थोड्या वेळाने म्हणायची होती: ‘बेवारस वस्तूला हात लावू नका. आपली सुरक्षा आपल्या हाती.’

पहिल्या दिवशी तिने पहिलं वाक्य म्हटलं आणि दुसऱ्याला तिचा आवाज फुटेना. लोकांना वाटलं रडू आलं असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी दुकानातून नीट कान देऊन ऐकलं. रडू नव्हतं. पहिलं वाक्य खणखणीत, मग खट्कन बटण बंद. ती ते वाक्य गाळत होती.

बघू साहेबांच्या लक्षात यायला बरेच महिने गेले. वर्षश्राद्धाचा सरकारी कार्यक्रम ठरला, मंत्री येणार म्हणून सगळ्या गोष्टींची तालीम सुरू झाली, तेव्हा त्यांनी तिला बोलावलं. मी तिचा डबा द्यायला गेले होते, दाराशीच थांबले.

‘बाई, एक वाक्य तुम्ही म्हणत नाही असं कळलं.’

‘पहिलं म्हणते, साहेब. घसा फुटेस्तोवर म्हणेन. दुसरं नाही म्हणणार.’

‘का बरं? चांगलं आहे की. लोकांना धीर येतो.’

‘माझ्या भावाच्या हातातच होती ना सुरक्षा. दोन्ही हातांनी उचलली होती त्याने.’

साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, ‘हे बघा, मी तुम्हाला सांभाळून घेतलंय. निकालानंतर दुसऱ्या कोणी तुम्हाला एक दिवस ठेवलं नसतं. मंत्रीसाहेब येतील तेव्हा भाषणाच्या आधी पूर्ण घोषणा व्हायला हवी. दोन्ही वाक्यं. नाहीतर मग घरीच बसा.’

‘बघू,’ आत्या म्हणाली.

घरी मी आईला सगळं सांगितलं. बाबा गेल्यापासून घर आत्याच्या पगारावर आणि माझ्या दुकानातल्या चार पैशांवर चालत होतं, हे आईला ठाऊक होतं. मला वाटलं ती म्हणेल, सांग तिला, म्हणून टाक म्हणावं. ती भाजी चिरत राहिली आणि म्हणाली, ‘बोलवायचं नव्हतं तेव्हा बरं तोंड उघडलं. आता लिहून दिलेलं वाचायचं तर वाचा फुटत नाही.’ आत्या पलीकडे कपड्यांच्या घड्या करत होती. तिने तीच घडी मोडून परत घातली. त्या क्षणी मला आईचा इतका राग आला की मी ताट तसंच ठेवून उठले.

कार्यक्रमाच्या सकाळी स्थानक ओळखू येत नव्हतं. शेवटच्या फलाटापाशी मांडव, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, नऊ फोटो. बाबांचा फोटो बिल्ल्यावरचा, मोठा करून फाटल्यासारखा दिसणारा. आणि जवान! पावलोपावली जवान, चौकीत जवान, छतावर जवान, वास घेत फिरणारा कुत्रासुद्धा. मी मोजत नाही बसले. एवढंच मनात आलं, की ही सगळी माणसं असतात तर मग त्या दुपारी कुठे होती? एका मंत्र्याच्या जिवाला एवढे, आणि अख्ख्या स्थानकाच्या जिवाला एक वाजणारा फोन.

दारात चौकट होती. पुसून लख्ख केलेली आणि तिला फुलांचा हार घातलेला. नऊही घरांतल्या माणसांना त्यातूनच आत सोडत होते. आईच्या पिशवीत स्टीलची पाण्याची बाटली होती, स्टीलचा डबा होता आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती चौकटीतून गेली. काही वाजलं नाही. ती दोन पावलं पुढे जाऊन थांबली, परत फिरली आणि पुन्हा चौकटीतून गेली. पिशवी डोक्यावर धरून तिसऱ्यांदा गेली.

‘काकू, पुढे चला,’ जवान म्हणाला.

‘हे वाजत कसं नाही?’

‘चला हो, रांग खोळंबलीय.’

आई खाली वाकली. चौकटीच्या पायाला सुतळीने बांधलेली वायर तिने हातात घेतली आणि तिचं कापलेलं टोक बघत राहिली. त्या टोकावर कित्येक वर्षांची धूळ होती. आत्या माझ्याशी या चौकटीबद्दल बोलायची तेव्हा आईला ती सबब वाटायची. आता सबब तिच्या हातात होती.

‘काकू, शोभेला आहे ते,’ जवान हळूच म्हणाला. पोरगेलासा होता, त्यालाही लाज वाटली असावी. ‘सगळ्यांना हातानेच तपासतोय आम्ही. आज.’

‘आज,’ आई म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, ‘तुझ्या आत्याला जाऊन सांग, चौकट अजून बंदच आहे म्हणावं.’

मी धावत खिडकीपाशी गेले आणि काचेच्या भोकातून निरोप दिला. आत्याने विचारलं, ‘तिने स्वतः पाहिलं?’ मी म्हटलं, ‘तीनदा.’ आत्याने मान हलवली आणि रुमाल माइकवर नीट बसवला.

मंत्री आले. खुर्च्या सरकल्या, उठणंबसणं झालं. बघू साहेबांनी मांडवातून खिडकीकडे बोटाने खूण केली. भोंग्यातून खर्रर्र झालं आणि आत्याचा आवाज सगळ्या फलाटांवरून आला, शांत, हरवलेल्या पोराच्या आईला बोलावताना असायचा तसाच.

‘लक्ष द्या, लक्ष द्या. बेवारस वस्तूला हात लावू नका. मुख्य दारात एक बेवारस वस्तू आहे. माणसाहून उंच चौकट, रंग करडा, गळ्यात हार. वायरीला टोक नाही. ही वस्तू सरकारची आहे. नऊ माणसं राखायची होती, तेव्हापासून मालकाचा पत्ता नाही. सरकारने जिथे असेल तिथून चौकशी खिडकीपाशी यावं आणि ओळख पटवून आपली वस्तू घेऊन जावी. कृपया हमालाला पाठवू नये.’

मंत्री शेजारच्याकडे वळून काहीतरी विचारत होते आणि शेजारचा हसण्याचा प्रयत्न करत होता. नर्सची बहीण तोंडाला पदर लावून रडू लागली. बघू साहेब उठले आणि खिडकीकडे जवळजवळ पळतच निघाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी दिसलं होतं.

पण त्यांच्या आधी आई उठली होती. खुर्च्यांच्या रांगेतून, कॅमेऱ्यांच्या मधून, किल्ल्या वाजवत ती सरळ चालत गेली. खिडकीपाशी पोचली तेव्हा मी तिथेच होते. मला वाटलं आता मला निरोप सांगेल. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. वाकून काचेच्या भोकाला तोंड लावलं.

‘वन्सं,’ ती म्हणाली, ‘परत सांगा. मागच्यांना नीट ऐकू गेलं नाही.’

आत्याने गालातली लवंग काढून रुमालाच्या टोकात बांधली आणि लाल बटण दाबलं.